परसातलं छोटं घर: भिंतींच्या आधी जोत्याची पातळी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. दापोली तालुक्यात आजोबांच्या वेळचं चिरेबंदी घर, मागे तीन-साडेतीन गुंठ्यांचं परसू, कोपऱ्यात विहीर. बाबा 74 वर्षांचे, गुडघे दुखरे. आई 68 वर्षांची. मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात पुण्याहून कायमचं गावी यायचं म्हणताहेत. जुन्या घरात सगळे मावणार नाहीत म्हणून परसात आई-बाबांसाठी 400 चौरस फुटांचं पर्यावरणपूरक घर बांधायचं आहे. विचारलंय ते एवढंच: मातीचं बांधू, चिऱ्याचं (म्हणजे जांभ्या दगडाचं) की कंटेनरचं? आणि वर कौलं घालू की पत्रा?

त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. चिऱ्याचं बांधा, वर कौलं घाला, कंटेनरच्या नादाला लागू नका. पण सामान चांगलं असूनही परसातली घरं फसतात ती दुसऱ्याच कारणांनी. जुन्या घरातून नव्यात जाताना पावसात घसरायला होतं, रात्री संडास लांब पडतो, जोतं इतकं उंच होतं की दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस दिवसातून एकदाच खाली उतरतो. मग म्हातारी माणसं मागे आणि घर पुढे अशी दोन बिऱ्हाडं होतात. म्हणून आधी ते बोलू, चिरे आणि कौलं मागून.

सगळ्यात पहिला मुद्दा नकाशाबाहेरचा आहे. छोट्या घरात राहायला कोण जाणार, हे आई-बाबांना विचारलंय का? गावातल्या माणसाचा दिवस पुढच्या ओटीवर जातो. येणारा-जाणारा तिथे टेकतो, देवघर तिथे असतं, पोस्टमन तिथेच हाक मारतो. त्यांना परसात नेलं की हे सगळं तुटतं. कितीतरी घरांत उलटी वाटणी बरी पडते: आई-बाबा जुन्या घराच्या पुढच्या भागातच राहतात, तिथली एक खोली आणि न्हाणीघर त्यांच्यासाठी नीट करून दिलं जातं, आणि तरुण जोडपं परसातल्या घरात जातं. तुमचं काम लॅपटॉपवर असेल तर तुम्हालाही शांत जागा मिळते. निर्णय तुमचाच. पण नकाशावर ‘आई-बाबांची खोली’ असं लिहू नका. आज तिथे बाबा असतील, दहा वर्षांनी रात्री मदतीला राहणारी बाई असेल, त्यानंतर नात असेल. घर असं आखायचं की कोणीही राहिलं तरी काही फोडावं लागू नये. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी बांधलेलं घर धडधाकट माणसाला अडचणीचं होत नाही, उलटं मात्र होतं.

दुसरं, कागद. कोकणात सातबाऱ्यावर चार-सहा सहहिस्सेदार असणं ही रोजचीच गोष्ट. परसू वहिवाटीत तुमचं असलं तरी कागदावर काकांचंही असू शकतं. पाया खणण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या, नंतर तीच महाग पडते. जागा गावठाणात आहे की शेतजमिनीत, समुद्र किंवा खाडी जवळ असल्यास सीआरझेडमध्ये (किनारपट्टीच्या बांधकाम-नियमांच्या पट्ट्यात) येते का, हे तलाठी आणि ग्रामसेवक यांच्याकडून आधी कळून घ्या. नवीन बांधकाम जुन्या घराची वाढ म्हणून नोंदवायचं की वेगळा घर नंबर घ्यायचा, हेही तेव्हाच ठरवा. घरपट्टी आणि विजेचा वेगळा मीटर पुढे त्यावरच अवलंबून राहतात.

आता मुख्य गोष्ट, पातळी.

जुन्या घराच्या मागच्या पडवीची जमीन आणि नव्या घराची जमीन शक्य तितकी एका पातळीत आणायची. हे जमलं की निम्मं काम झालं. त्यासाठी आर्किटेक्ट यायची वाट बघू नका. पन्नास फूट पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, आत एकही बुडबुडा राहू देऊ नका. नळीचं एक टोक मागच्या दाराच्या चौकटीला धरा, दुसरं नव्या जागेवर ठोकलेल्या खुंटीला. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की खुंटीवर खूण करा. चौकटीवरची पाण्याची रेघ पडवीच्या जमिनीपासून जितकी वर असेल, तितकंच माप खुंटीच्या खुणेपासून खाली मोजा. तिथे नव्या घराची जमीन यायला हवी. नव्या जागेच्या चारही कोपऱ्यांवर हे केलंत की कुठे भराव लागेल आणि कुठे खोदाई, ते दिसतं. पाणसळ पाहायची ही जुनी रीत आहे आणि एका माणसाच्या मदतीने तासाभरात होते.

परसू खालच्या उताराला असेल तर नवं जोतं उंच येईल, अडीच-तीन फूटही. ते येऊ द्या. दोन्ही घरांमधली वाटच तेवढी उंच बांधा, बांधासारखी. परसू डोंगराकडच्या बाजूला चढं असेल तर जोतं लहान लागेल, पण वरून येणारं पाणी थेट भिंतीवर येईल. तिथे घराच्या मागे, भिंतीपासून निदान चार फूट सोडून, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल चर लागेल आणि त्याचा उतार दोन्ही बाजूंना काढावा लागेल. हा चर विसरला की पहिल्याच जुलैत मागच्या भिंतीच्या तळाला ओल चढते, आणि मग कुठलंही वॉटरप्रूफिंग तिला थांबवत नाही. म्हणून जमत असेल तर एक पावसाळा थांबा. मोठ्या सरीत छत्री घेऊन परसात उभे राहा, पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं तिथे खुंट्या ठोका. सर्व्हेवाल्याच्या नकाशापेक्षा या खुंट्या जास्त खरं बोलतात.

पातळी जुळत नसेल तर रॅम्प की पायऱ्या? चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार बाराला एकपेक्षा तीव्र नको. म्हणजे दीड फूट चढायला अठरा फूट लांबी आणि दोन फुटांना चोवीस. एवढी जागा परसात लागते आणि लोक ती कापतात. सहा फुटांत दोन फूट चढवलेला रॅम्प म्हणजे घसरगुंडी. शिवाय गुडघेदुखीच्या माणसाला उतरताना रॅम्पचा त्रास होतो, तिथे बुटक्या पायऱ्या बऱ्या. पाच इंच उंच, बारा इंच रुंद पायरी आणि दोन्ही हातांना कठडा. आत्ता अशा पायऱ्या करा आणि त्यांच्या शेजारी रॅम्पसाठी चार फूट रुंदीची पट्टी मोकळी सोडा. तिथे झाडं लावू नका, टाकी बसवू नका.

दोन घरांमध्ये अंतर किती ठेवायचं? बारा ते पंधरा फूट. हाक ऐकू गेली पाहिजे, टीव्ही ऐकू येता कामा नये. मधली वाट चार फूट रुंद आणि छप्पर असलेली. छप्पर मात्र सहा-साडेसहा फूट रुंद हवं, नाहीतर झड आत येते. कोकणात म्हातारं माणूस पडतं ते उंचीवरून नाही, शेवाळावरून. सावलीतला ओला जांभा जूनच्या शेवटापर्यंत साबणासारखा होतो. वाटेवर गुळगुळीत फरशी नको आणि उघडे चिरेही नकोत. काँक्रीट टाकून ते ओलं असताना खराट्याने आडव्या रेघा ओढा, आणि चार फुटांत एक इंच आडवा उतार द्या. जुन्या घराची पागोळी वाटेवर पडत असेल तर तिथे पन्हळ बसवणं आलंच. वाटेवर पायाच्या उंचीवर दिवे लावा. पावसाळ्यात फुरसं आणि विंचू अशाच कोरड्या जागेला येतात. हे दिवे आणि न्हाणीघराचा दिवा इन्व्हर्टरवर घ्या, कारण वीज जाते ती नेमकी वादळी रात्री.

आता आतली मांडणी. 400 चौरस फुटांत लोक दोन खोल्या, किचन, न्हाणीघर, वेगळा संडास असं सगळं कोंबतात आणि सगळंच अरुंद होतं. मला तीन खणांचं लांबट घर बरं वाटतं. आतून रुंदी 12 फूट. एका टोकाला 11 बाय 12 ची झोपायची खोली, दुसऱ्या टोकाला 11 बाय 12 ची बसायची खोली, मधला खण 6 फुटांचा. या मधल्या खणात मागच्या भिंतीला लागून 6 बाय 8 चं न्हाणीघर आणि त्याच्या पुढे पावणेचार फुटांची बोळ, जी दोन्ही खोल्या जोडते. नऊ इंची भिंती धरून बाहेरून हे 31 बाय साडेतेरा, म्हणजे साधारण 420 चौरस फूट होतं. पुढे पूर्ण लांबीची सहा फुटी पडवी. खाटेपासून संडास आठ-दहा फुटांवर, आणि पाहुण्याला झोपायच्या खोलीतून जावं लागत नाही. पडवी ही चैन नाही. दिवसभर माणूस तिथेच बसणार. ती जुन्या घराच्या मागच्या दाराकडे तोंड करून असली की स्वयंपाकघरात असलेल्याला बाबा दिसतात आणि बाबांना घर.

न्हाणीघरावर मात्र वेळ आणि पैसा सढळ हाताने घाला. दार तीन फूट मोकळं, बाहेर उघडणारं किंवा भिंतीवर सरकणारं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडलं तर दार उघडतच नाही, हे एकच कारण पुरेसं आहे. उंबरा नको. स्लॅब टाकतानाच न्हाणीघराची जमीन दोन इंच खाली घ्या आणि फरशीचा उतार पाच फुटांत सव्वा इंच द्या, म्हणजे उंबऱ्याशिवायही पाणी बाहेर येत नाही. अंघोळीच्या कोपऱ्यात अठरा इंच उंच, सोळा इंच खोल असा बांधीव कट्टा. कमोडची बसायची उंचीही अठरा इंच.

आणि धरायची दांडी. इथे चिऱ्याच्या घरात हमखास चूक होते, म्हणून जरा जवळून सांगतो. दांडी तयार घरात शेवटी बसवतात. प्लंबर ड्रिल मारतो, अँकर ठोकतो, दांडी भक्कम वाटते. पण जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. त्यात अँकर फुगतो तेव्हा आजूबाजूचा दगडच भुसभुशीत होतो. सहा महिने हाताचा भार पडला की अँकर भोकासकट बाहेर येतो, आणि येतो तो माणूस उठत असताना. उपाय सोपा आहे, पण भिंत चढत असतानाच करायचा. न्हाणीघराच्या तिन्ही भिंतींत जमिनीपासून 27 ते 33 इंच उंचीवर सहा इंचांचा काँक्रीटचा पट्टा टाका, आत दहा मिलिमीटरच्या दोन सळ्या. दांडी आज लावा नाहीतर पाच वर्षांनी, या पट्ट्यात कुठेही बसेल. फरशीखाली पट्टा दिसणार नाही, म्हणून फोटो काढून ठेवा, मापाची पट्टी शेजारी धरून.

स्वयंपाकघराचा प्रश्न गवंड्याचा नाही. परसात पूर्ण स्वयंपाकघर बांधलं की गावात त्याचा अर्थ एकच होतो, चूल वेगळी झाली. आणि काही दिवसांनी ती खरोखर होतेही. दुसऱ्या बाजूला, पहाटे पाचला चहा लागणाऱ्या माणसाला सुनेच्या उठण्याची वाट बघायला लावणंही बरोबर नाही. बसायच्या खोलीत चार फुटांचा ओटा, एक सिंक, इंडक्शन आणि लहान फ्रिज एवढं करा. पण ओट्याशेजारची आणखी चार फूट भिंत मोकळी ठेवा आणि पाण्याचा, सांडपाण्याचा पाइप तिथवर नेऊन टोपी लावून ठेवा. उद्या खरंच वेगळं रांधायची वेळ आली तर फोडाफोड होणार नाही.

इथवर ठरलं ते असं: कोण राहणार हे मोकळं, जमीन जुन्या पडवीच्या पातळीला, मधली वाट छपराची, न्हाणीघर मध्ये, चहापुरता ओटा. आता सामान.

मातीच्या घराला माझा विरोध नाही. पण दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मातीच्या भिंतीला तिथे दरवर्षी हात फिरवावा लागतो, आणि तो हात कोण फिरवणार हा प्रश्न आहे. जांभा मात्र जवळच्या खाणीतून येतो. तो भाजावा लागत नाही, आणि शंभर वर्षांनी भिंत उतरवली तरी चिरा पुन्हा वापरता येतो. पर्यावरणपूरक म्हणायचं तर याहून जवळचं काही नाही, फक्त खाण परवान्याची असावी. जुन्या गोठ्याचे, पडक्या न्हाणीचे चिरे, वासे, दारं पडून असतील तर ती आधी मोजा. कंटेनर उन्हात तापतो, खाऱ्या हवेत गंजतो आणि पावसात आत बोलणं ऐकू येत नाही.

साधारण 15 बाय 9 बाय 7 इंचांचा चिरा धरला आणि भिंती दहा फूट उंच धरल्या, तर दारं-खिडक्या वजा करून, छपराखालचे भिंतींचे त्रिकोणी भाग आणि तूटफूट मिळवून भिंतींना चौदाशे आणि जोत्याला सहाशे, असे दोन हजारांच्या आसपास चिरे लागतील. तुमच्या भागात चिऱ्याचं माप वेगळं असेल तर आकडा बदलेल. खाणीवर जाऊन स्वतः निवडा. हातोडीने टोकून बघा: खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर बाजूला. पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या मोठ्या गाठी असलेला चिरा भिंतीत नको, पावसात त्या गाठी धुऊन जातात आणि भोकं पडतात. नुकता कापलेला चिरा नरम आणि ओला असतो. हवा लागली की कडक होतो. म्हणून आणल्यावर निदान तीन-चार आठवडे रचून ठेवा.

जोत्याच्या माथ्यावर सगळ्या भिंतींखाली ओल अडवणारा काँक्रीटचा थर हवाच. जांभा टीपकागदासारखं पाणी वर ओढतो. दारांच्या वरच्या पातळीला सगळ्या भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा न्या, कुठेही न तोडता. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप या भागाला लांबचा नाही. बाहेरून चिरा उघडा ठेवायचा असेल तर चिऱ्यांमधल्या दरजा पाऊण इंच खोल खरवडून नीट भरा, आणि पश्चिमेच्या भिंतीचं वेगळं बघा. पाऊस तिथे आडवा मारतो. एकतर तिथे चुन्याचा गिलावा, नाहीतर पावसाळ्यापुरती बांबू-झावळ्यांची आड. प्लास्टिकसारखा रंग लावू नका. आत शिरलेलं पाणी त्यातून बाहेर पडत नाही आणि रंगच पोपड्यांनी सुटतो.

छपरात बहुतेक नकाशे एका साध्या बेरजेवर आपटतात. मुख्य भिंत दहा फूट. तिथून पडवी सहा फूट आणि वळचण अडीच फूट, म्हणजे छप्पर साडेआठ फूट पुढे येतं. कौलांना आवडतो तसा तीस अंशांचा उतार दिला तर टोकाला ते जवळपास पाच फूट खाली येतं. वळचण जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणजे प्रत्येक जण वाकून आत येणार. 25 अंशांचा उतार घेतला तर पडवीच्या खांबाजवळ सव्वासात फूट आणि पागोळीजवळ सहा फूट मिळतात. वाशाची जाडी त्यातून जाईल, म्हणून भिंत आणखी सहा इंच चढवा. वळचण मुद्दाम फार उचलू नका. खाली आलेली वळचणच झड अडवते. 25 अंशांत जोराच्या वाऱ्याबरोबर पाणी कौलांच्या सांध्यातून आत येऊ शकतं. त्यासाठी खाली पातळ पत्रा आणि वर रिपांवर (आडव्या पट्ट्यांवर) कौलं असं करा. वाऱ्याचं पाणी पत्र्यावरून उतरून जातं, कौलामुळे पत्रा तापत नाही, पावसाचा आवाज कमी येतो, आणि माकडांनी कौलं फोडली तरी रात्री खाट सरकवावी लागत नाही. माकडं फोडणारच, त्यामुळे दोनशे कौलं जास्तीची घेऊन गोठ्यात रचून ठेवा. नंतर त्याच साच्याची मिळत नाहीत. मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना 140 ते 150 लागतात. तुमचं छप्पर उतारावरून मोजलं तर हजार चौरस फुटांच्या आसपास भरेल, म्हणजे तुटीसह सोळाशे कौलं. रीप ठोकण्याआधी आणलेली कौलं जमिनीवर दहा-बारा ओळीत अडकवून अंतर मोजा. छापील मापावर ठोकलेल्या रिपांवर कौल बसत नाही, मग सुतार ती ठोकून बसवतो आणि रिपेला अडकणारे कौलाचे कानच उडतात.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत किती छपरं गेली ते तुम्हाला सांगायला नको. छप्पर वाऱ्याने जातं ते वरून दाबलं जाऊन नाही, खालून उचललं जाऊन. पडवीत वारा शिरतो आणि वर ढकलतो. म्हणून पडवीचे खांब पायात काँक्रीटमध्ये बोल्टने बांधा आणि मुख्य भिंतीवरचे वासे वरच्या पट्ट्यात आधीच सोडलेल्या सळ्यांना. नुसत्या चिऱ्यावर टेकवलेला वासा बांधलेला नसतो. आणि घर माडाखाली नको. नारळ कौलही फोडतो आणि डोकंही.

पाणी. कोकणात पाऊस धो-धो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. फक्त मागच्या उताराला पन्हळ लावली तरी सुमारे साडेतीनशे चौरस फुटांवरून पावसाळ्यात 75 हजार लिटरपर्यंत पाणी मिळतं. ते सगळं साठवायचं नाही, परवडतही नाही. पिण्या-रांधण्यासाठी माणशी रोज दहा लिटर धरले तर पाच जणांना मार्च ते मे साडेचार हजार लिटर लागतात. मे महिन्यात चाकरमानी नातेवाईक येणार, ते धरून दहा हजार लिटरची फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून केलेली) टाकी पुष्कळ झाली. आठ फूट व्यास, सात फूट उंची. ती जूनमध्ये भरू नका. पहिले दोन महिने छप्पर धुऊन निघू द्या, पाणी व्हॉल्व्हने विहिरीजवळच्या चरात सोडा, आणि टाकी ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबरच्या मध्यात भरून घ्या. झाकण घट्ट, हवेच्या नळीला जाळी, आत उजेडाचा कवडसाही नको. अंधारात शेवाळ होत नाही.

संडासाची जागा ठरवताना नकाशावर आधी विहीर काढा. शोषखड्डा विहिरीपासून साठ फुटांहून जवळ नको आणि उताराने विहिरीच्या खालच्या बाजूला हवा. जांभ्यात भेगा असतात, पाणी त्यातून गाळलं न जाता लांब जातं, म्हणून इतर ठिकाणची कमी अंतरं इथे चालत नाहीत. पावसाळ्यात तुमच्या विहिरीचं पाणी जमिनीपासून सहा-सात फुटांवर येत असेल तर खोल शोषखड्डा खणूच नका. तो तेव्हा आधीच भरलेला असतो. बंदिस्त सेप्टिक टाकी करा: पाच माणसांना आतून पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, पाण्याची खोली साडेतीन फूट. तिचं बाहेर येणारं पाणी जमिनीवर चढवलेल्या खडी-वाळूच्या वाफ्यात सोडा आणि त्यावर कर्दळ लावा. न्हाणीचं आणि सिंकचं पाणी या टाकीत आणू नका. ते वेगळ्या पाइपाने केळीला आणि माडाला द्या, जसं परसात पूर्वीपासून जात होतं. कमोड अॅसिडने धुवायची सवय मात्र सोडावी लागेल. त्याने टाकीतले जिवाणू मरतात आणि वास सुरू होतो.

सोलर पॅनेल नव्या कौलांवर चढवण्यापेक्षा अंगणात लोखंडी मांडवावर बसवा. 1 किलोवॉटला दिवसाला चारेक युनिट उन्हाळ्यात मिळतात, जुलैत खूपच कमी. माड-आंब्याची सावली दुपारी कुठे येते ते आधी बघा. अर्धं पॅनेल सावलीत गेलं तरी उत्पादन निम्म्याहून जास्त पडतं.

वेळेचं गणित उलटं मांडा. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, म्हणून 15 मेच्या आत कौलं चढलीच पाहिजेत. त्यासाठी पाया नोव्हेंबरमध्ये, चिरे ऑक्टोबरमध्येच सांगून ठेवलेले, जानेवारीअखेर भिंती वरच्या पट्ट्यापर्यंत. मार्चनंतर पाण्याची टंचाई आणि लग्नसराई, गवंडी आणि क्युरिंगचं (बांधकाम भिजवत ठेवायचं) पाणी दोन्ही मिळत नाही. मागे पडलात तर अर्धवट भिंती पावसात उघड्या ठेवू नका. वरच्या थरावर सिमेंटचा पातळ हात फिरवून झावळ्या घाला आणि थांबा.

खर्चाचे दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून आकडा सांगत नाही. पैसे कमी पडले तर काय सोडायचं तेवढं सांगतो. सोलर नंतर करता येतं. आतला गिलावा एक वर्ष थांबू शकतो, चुना मारलेला चिरा वाईट दिसत नाही. कपाटं, फॉल्स सीलिंग, पडवीचे कोरीव खांब, ही सगळी कामं मागून होतात. मधल्या वाटेचं छप्पर, न्हाणीघरातला काँक्रीटचा पट्टा आणि मागचा चर मात्र पहिल्याच हंगामात करून घ्या. ठेकेदार या तीन गोष्टी ‘नंतर बघू’ म्हणतो, कारण त्याच्या चौरस फुटाच्या दरात त्या बसत नाहीत. कराराच्या कागदावर त्या मापांसकट वेगळ्या ओळींत लिहून घ्या.